अक्षर मेंदूंत कोठें बसतें?

विजयादशमीच्या दिवशीं पाटीवर एकाच्या आंकड्यांनीं सरस्वती रेखाटून तिची पूजा करण्याचा प्रघात महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून अजून चालू आहे. घरांत पांच-सहा वर्षांचें मूल असलें म्हणजे त्या पूजेस विशेष शोभा येते. आजोबा त्याचा हात आपल्या हातांत घेऊन पाटीवर 'श्री' काढवितात, आजी ओवाळते, आणि बाळाच्या विद्याभ्यासास मुहूर्त लागला असें सर्वजण समजतात. पुढें एक-दोन वर्षांत तें मूल दुकानांवरील पाट्या अडखळत वाचूं लागतें, आणि मग त्या मुहूर्ताची आठवणहि कोणास राहत नाहीं. चालणें आलें, बोलणें आलें, तसेंच वाचणेंहि आलें, असें आपण धरून चालतों.

वस्तुतः या तिहींत वाचणें अगदीं निराळ्या जातीचें आहे. बोलत्या माणसांत वाढलेलें निरोगी मूल कोणीं न शिकवितां बोलूं लागतें. परंतु ग्रंथांनीं भरलेल्या घरांत वाढलेलें मूलहि कोणीं शिकविल्याशिवाय क्वचितच वाचूं लागतें. याचें कारण उघड आहे. मनुष्य बोलत आला त्यास असंख्य पिढ्या लोटल्या. लेखनविद्येचें वय मात्र पांच-साडेपांच हजार वर्षांपलीकडे जात नाहीं, आणि त्यांतहि अगदीं अलीकडेपर्यंत ती मूठभरांच्या हातीं राहिली, हें निदान आपल्या वाचकांस तरी सांगावयास नको. एवढ्या अल्प अवधींत मेंदूंत वाचनासाठीं म्हणून स्वतंत्र इंद्रिय उत्पन्न होणें शक्य नव्हतें. मग आपण वाचतों तें कशानें? मेंदूच्या कोणत्या भागास हें उपरें काम आपण लावून दिलें आहे?

या प्रश्नाचा पहिला उलगडा पॅरिसमधील एका निवृत्त व्यापाऱ्याच्या दुर्दैवानें झाला. १८८७ च्या ऑक्टोबरांत या सुशिक्षित गृहस्थांस एकाएकीं असें आढळून आलें कीं, आपणांस छापील मजकुरांतील एक शब्दहि वाचतां येत नाहीं. चष्मा बदलला कीं झालें, अशा समजुतीनें ते नेत्रवैद्याकडे गेले. पण ते माणसें ओळखीत, वस्तूंचीं नांवें सांगत, आंकडे वाचून हिशेबहि करीत. बोलण्यांत तिळमात्र फरक पडला नव्हता. सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही कीं, त्यांस पूर्वीप्रमाणेंच सफाईनें लिहितां येई; मात्र स्वतःच्या हातानें लिहिलेली ओळ दुसऱ्या क्षणीं त्यांस वाचतां येत नसे. नेत्रवैद्यांनीं त्यांना ज्यूल देजेरीन या प्रसिद्ध डॉक्टरांकडे पाठविलें. रोगी १८९२ सालीं वारला, तोंपर्यंत त्याचें वाचन परत आलें नाहीं. मरणोत्तर तपासणींत देजेरीन यांस मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या मागील भागांत जुनी इजा आढळली, आणि डोळ्यांनीं टिपलेलें अक्षर भाषेच्या केंद्रांपर्यंत पोहोंचण्याची वाट तेथें तुटली असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. या हकीगतींतील एक बारीकशी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. समोर धरलेलें अक्षर या गृहस्थांस नुसतें पाहून ओळखतां येत नसे. पण तेंच अक्षर बोटानें हवेंत गिरविलें कीं त्याचें नांव ते सांगत. डोळा विसरला होता, हात विसरला नव्हता.

पुढें शंभर वर्षें हें ज्ञान ग्रंथांतच राहिलें. एम. आर. आय. या चुंबकीय यंत्रानें जिवंत, निरोगी माणसाच्या मेंदूचा कोणता भाग कोणत्या वेळीं काम करतो हें पाहतां येऊं लागलें, तेव्हां त्याच जागेकडे पुन्हां लक्ष वळलें. २००० सालीं लोराँ कोएन, स्तानिस्लास दहेन आणि त्यांचे सहकारी या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं डाव्या गोलार्धाच्या तळाशीं, मागील बाजूस, लिहिलेला शब्द दिसतांच जागा होणारा एक लहानसा भाग दाखवून त्यास शब्दरूपाचें क्षेत्र असें नांव दिलें. नवलाची गोष्ट अशी कीं, लिपि रोमन असो, हिब्रू असो कीं चिनी असो, वाचणाऱ्याच्या मेंदूंत ही जागा जवळजवळ तीच सांपडते. २०११ सालीं तर असें दिसून आलें कीं, जन्मांध माणसें बोटांनीं ब्रेल वाचतात तेव्हांहि याच भागास चालना मिळते.

दहेन यांनीं याची जी उपपत्ति मांडली ती एकत्र कुटुंबांत राहणारांस चटकन् समजेल. जुन्या वाड्यांत नवी सून आली म्हणून कोणी नवा वाडा बांधीत नाहीं. माजघरापलीकडची एखादी खोली थोडी रिकामी करून तिच्या बिऱ्हाडास देतात. मेंदूहि तसेंच करतो. चेहरे, पशुपक्षी, भांडींकुंडीं, झाडें यांच्या आकृति बारकाईनें ओळखण्यासाठीं निसर्गानें जी जागा दिलेली होती, तिचाच एक कोपरा शिक्षणानें अक्षरांच्या नांवें होतो. खोली जुनी, संसार नवा. हा कोपरा कोणता असावा हेंहि मनास येईल तसें ठरत नाहीं. आकृति ओळखणारी जागा आणि बोललेली भाषा समजणारी जागा यांच्यामध्यें जेथें जुनी वहिवाट आहे, त्या वाटेवरच अक्षराचें घर बसतें.

वाड्यांत खोली एकाला दिली म्हणजे दुसऱ्याची अडचण होते कीं काय, अशी शंका येथें साहजिक आहे, आणि शास्त्रज्ञांसहि ती आली. २०१० सालीं ब्राझील व पोर्तुगाल येथील ६३ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत ३१ जण लहानपणीं शाळेंत शिकलेले, २२ जण मोठेपणीं अक्षरें शिकलेले आणि १० जण पूर्ण निरक्षर होते. साक्षरांच्या मेंदूंत तो कोपरा अक्षरांनीं उजळे, आणि चेहरे पाहतांना त्याच ठिकाणची चालना किंचित् कमी झालेली दिसे. यावरून वाचणारा माणूस चेहरे विसरतो, असा सवंग अर्थ कित्येकांनीं काढला. पुढें लखनौच्या परिसरांतील साक्षर व निरक्षर हिंदी भाषकांवर जें काम झालें व २०१९ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत जागा सामाईक होते खरी, पण जुन्या बिऱ्हाडाचें नुकसान झाल्याचें आढळलें नाहीं. त्याआधीं २०१७ सालीं त्याच मुलुखांतील निरक्षर प्रौढांस सहा महिने देवनागरी शिकवून त्यांचे मेंदू पूर्वीं व नंतर तपासलेले होते. फरक केवळ मेंदूच्या वरच्या थरांत न राहतां, डोळ्यांकडून आलेल्या माहितीची वांटणी करणाऱ्या आंतल्या खोल केंद्रांपर्यंत पोहोंचला होता. तीस-चाळीस वर्षांचा मेंदू जर आपली क, ख, ग, घ शिकतांना एवढा हालतो, तर सहा वर्षांच्या मुलाची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी.

नव्या बिऱ्हाडांत जुन्या रहिवाशाच्या कांहीं खुणा राहतात, त्यांतली एक प्रत्येक आईनें पाहिलेली असते. मूल ३ काढावयास जातें आणि ६ काढतें. ६ सांगावा तर ३ करतें. कधीं सबंध अक्षरच आरशांत पाहिल्यासारखें उलटें लिहून ठेवतें. घरांत लगेच काळजी सुरू होते. वास्तविक हा दोष नसून एका उत्तम गुणाचा अवशेष आहे. गाय डावीकडे तोंड करून उभी असो कीं उजवीकडे, ती गायच. कपबशीचा कान कोणत्याहि बाजूस असो, ती कपबशीच. डाव्या-उजव्याचा भेद मनावर न घेतां वस्तु ओळखणें हें मेंदूचें जुनें शहाणपण आहे. आणि अक्षरांच्या राज्यांत पाऊल टाकतांच त्याच मुलाला आपण सांगतों कीं, येथें मात्र तोंड फिरलें कीं वस्तूच बदलते! हें जुनें ज्ञान त्याला अक्षरांपुरतें विसरावें लागतें, आणि विसरावयास वेळ लागतो. पांच, सहा, सात वर्षांपर्यंत असे उलटे आंकडे आले तर त्यांवरून रागावण्याचें कारण नाहीं. ब्राझीलमधील नाताल या शहरांत पहिलींतल्या मुलांकडून तीन आठवडे आरशांतल्या जोडअक्षरांचा भेद ओळखण्याचा सराव पाहून, ऐकून व हातानें लिहून करून घेतला, आणि धडा झाल्यावर कांहींना दुपारीं झोपूं दिलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत सराव व झोप दोन्ही मिळालेल्या मुलांच्या चुका जवळजवळ नाहींशा झाल्या व वाचनाचा वेग दुप्पट झाला. दुपारच्या झोपेस आळस म्हणणाऱ्या वडीलमंडळींनीं याची दखल घ्यावी.

डोळ्यांविषयीं इतकें पुरे. कारण वाचनाचें खरें अर्धें काम कानांचें आहे. अक्षर दिसलें आणि त्याचा ध्वनि मनांत उमटला नाहीं तर तें अक्षर नव्हे, नक्षी होय. स्वित्झर्लंडमध्यें अजून वाचूं न लागलेल्या बालवर्गांतील मुलांना अक्षर व ध्वनि यांची जोडी लावण्याचा एक खेळ संगणकावर आठ आठवडे खेळावयास दिला. सर्व वेळ एकत्र केला तर तो चार तासांहूनहि कमी भरला. तेवढ्यानेंच या मुलांच्या मेंदूंतील तो कोपरा लिहिलेल्या शब्दाला ओ देऊं लागला. आंकड्यांचा तसाच खेळ खेळतांना मात्र असा बदल झाला नाहीं. हें काम २०१० सालचें. २०१५ सालीं अमेरिकेंत एक बनावट लिपि तयार करून कांहीं प्रौढांना ती दोन रीतींनीं शिकविली: कांहीं शब्द अक्षर व ध्वनि यांची सांगड घालून, कांहीं शब्द अखंड चित्रासारखे. पहिल्या रीतीनें शिकलेला शब्द पाहतांना डाव्या बाजूचा, म्हणजे कसलेल्या वाचकाच्या मेंदूंतला भाग कामास लागला. दुसऱ्या रीतीनें शिकलेल्या शब्दाला उजवी बाजू धांवली. रंगीत कागदांवर अखंड शब्द दाखवून तान्ह्या मुलांना वाचक बनवूं म्हणणारे जे उद्योग निघाले आहेत, त्यांच्या नादीं लागण्यापूर्वीं हा प्रयोग लक्षांत घ्यावा.

या बाबतींत आपल्या वर्णमालेचें ऋण मोठें आहे. इंग्रजी शाळेंतल्या मुलाला आधीं अक्षराचें नांव 'सी' असें शिकावें लागतें, आणि मग कळतें कीं तें कधीं 'क' बोलतें, कधीं 'स'. आपल्या 'क' चें नांवहि क, आणि ध्वनिहि क. शिवाय क, ख, ग, घ, ङ हे कंठांतून, प, फ, ब, भ, म हे ओंठांतून, अशी जी मांडणी प्राचीन वैयाकरणांनीं करून ठेविली ती मुखांतील स्थानांप्रमाणें आहे. मुलाला आरशासमोर बसवून 'प' आणि 'क' म्हणावयास लावावें. पहिल्यांत ओंठ मिटतात, दुसऱ्यांत मिटत नाहींत, हें त्याचें त्यालाच सांपडतें, आणि मग वर्णमाला ही नुसती पाठ करण्याची यादी राहत नाहीं.

तथापि आपली लिपि सर्वस्वीं सोपी आहे, हा अभिमान थोडा आंवरावा लागेल. 'घर' लिहितांना शेवटीं 'र' पूर्ण, बोलतांना तो अर्धा. चमच्याचा च आणि चंद्राचा च दिसावयास एक, बोलावयास दोन. र तर बहुरूपीच आहे: प्रकाशांत पायाशीं, ट्रंकेंत निराळाच, सूर्यांत डोक्यावर, आणि सुऱ्यांत तिसऱ्याच वेषांत. सर्वांत गमतीची पहिली वेलांटी. 'कि' लिहितांना ती व्यंजनाच्या आधीं येते, बोलतांना नंतर. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि कानाला मागें यावें लागतें. हिंदी वाचकांवरील २००२ सालच्या एका अभ्यासांत अशा शब्दांस वाचावयास अधिक वेळ लागल्याचें दिसलें आहे. मात्रा वर, उकार खालीं, काना उजवीकडे, वेलांटी डावीकडे, अशी आपली अक्षरें चहूंबाजूंनीं वाढतात. मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्रांत हिंदी वाचणाऱ्यांची तपासणी झाली, तींत देवनागरी वाचतांना डाव्या गोलार्धाबरोबर उजव्या गोलार्धालाहि हातभार लावावा लागतो असें दिसून आलें, त्याचें कारण बहुधा हेंच असावें. तेव्हां पहिलीच्या मुलाची गाडी 'बदक, कमळ' येथें भरधांव पळून 'विद्यार्थी' पाशीं अडली, तर त्यांत त्याचें कांहीं चुकत नाहीं. चढण तेथें खरोखरीच आहे.

ध्वनि तोडण्या-जोडण्याची तालीम आपल्या घरांत पुष्कळ होत असे व अजूनहि होते, पण तिला शिक्षण म्हणण्याचें कोणास सुचत नाहीं. गाण्यांच्या किंवा गांवांच्या भेंड्या घ्या. शेवटचें अक्षर सोडवून घेऊन त्यावर नवा शब्द उभारावयाचा, याहून अधिक चांगला पाठ कोणता शिक्षणशास्त्री देणार? त्याहून सरस म्हणजे मुलांची 'च'ची भाषा. 'तुला' याचें 'चलातु', 'काय' याचें 'चयका'. पहिलें अक्षर उचलून शेवटीं टाकावयाचें आणि आरंभीं च लावावयाचा, आणि हें सर्व बोलण्याच्या वेगांत! ज्या ध्वनिभानाची चांचणी घेण्यासाठीं संशोधक खास प्रश्नपत्रिका तयार करितात, तेंच हें. १९७९ सालीं पोर्तुगालमधील निरक्षर शेतकऱ्यांना शब्दाच्या आरंभींचें एक व्यंजन काढून टाकावयास सांगितलें, तेव्हां त्यांस तें बहुशः जमलें नाहीं. अक्षरज्ञान झालेल्या त्यांच्याच शेजाऱ्यांस जमलें. वडीलधारीं माणसें 'च'च्या भाषेवरून मुलांना दटावतात, कारण त्यांना ती समजत नाहीं. तें दटावणें थांबवावें.

आतां हाताकडे वळूं. २०१२ सालीं अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत कॅरिन जेम्स व लॉरा एंगेलहार्ट यांनीं अजून वाचतां न येणाऱ्या, सुमारें पांच वर्षांच्या १५ मुलांना अक्षरें तीन प्रकारांनीं शिकविलीं: कांहीं हातानें मोकळेपणीं काढावयाचीं, कांहीं ठिपक्यांवरून गिरवावयाचीं आणि कांहीं यंत्राची कळ दाबून उमटवावयाचीं. नंतर तींच अक्षरें नुसतीं डोळ्यांना दाखविलीं, तेव्हां वाचनाचे भाग जागे झाले ते मुख्यतः हातानें मोकळीं काढलेल्या अक्षरांच्या वेळीं. कळ दाबून उमटविलेल्या अक्षरांचें सोडा. आपल्याला विचार करावयास लावणारी गोष्ट आहे ती गिरविण्याची. कित्ता गिरविणें हा आपल्या शिक्षणाचा पाया, आणि प्रयोग सांगतो कीं तेवढ्यानें भागत नाहीं! कारण बहुधा असें कीं, मोकळ्या हातानें काढलेला 'क' प्रत्येक वेळीं निराळा होतो, कधीं लठ्ठ, कधीं तिरपा, कधीं शेंडी विसरलेला. आणि या सर्व वांकड्या क-कारांतून मेंदू खऱ्या क-चें सार वेगळें काढतो. गिरवितांना हें काम ठिपक्यांनीं आधींच केलेलें असतें. मुलें अवघीं पंधरा होतीं, म्हणून या एकाच प्रयोगावर सबंध शाळा उभारूं नये, हें खरें. परंतु पॅरिसच्या त्या व्यापाऱ्याचें हवेंत फिरणारें बोट आठवलें म्हणजे हाताची स्मृति ही वेगळी ठेव आहे, याविषयीं शंका उरत नाहीं.

गिरविणें टाकूनहि द्यावयाचें नाहीं. माँटेसोरीबाईंनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें करून त्यांवरून मुलांचीं बोटें फिरविलीं व त्याच वेळीं तोंडानें ध्वनि म्हणविला. त्या स्वतः १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या त्यापूर्वींच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं ही दृष्टि गुजराथ-महाराष्ट्रांत आणलेली होती. फ्रेंच मुलांवर २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अक्षरें केवळ पाहून शिकणाऱ्यांपेक्षां पाहून, ऐकून व चांचपून शिकणाऱ्या मुलांची वाचनाची समज अधिक वाढलेली दिसली. तेव्हां क्रम असा राहावा: बोट फिरवावें, ध्वनि म्हणावा, आणि मग पाटी कोरी करून मुलाला त्याचें त्याला काढूं द्यावें. जुन्या धूळपाटीवर हें आपोआप घडत असे. अक्षर बिघडलें कीं हात फिरवून पुन्हां धूळ सारखी करावयाची, आणि बिघडलेल्याचा पुरावा मागें राहत नसे. हल्लींच्या वहींत प्रत्येक चूक लाल शाईनें जिवंत ठेवण्याची जी हौस शिक्षकांस आहे ती पहिलींत तरी आंवरावी. तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल कोंबून ओळीवर अक्षरें काढविण्यांत तर कांहींच मिळवणूक नाहीं. त्या वयांत रांगोळीचे ठिपके, कणकेच्या गोळ्या आणि शेंगा सोलणें यांनीं बोटांची जी तयारी होते ती पुष्कळ झाली.

पाठांतराविषयीं दोन शब्द लिहिले नाहींत तर हा लेख आपल्या वाचकांस अपुरा वाटेल. लहानपणापासून शुक्लयजुर्वेदाचें अध्ययन केलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंची तपासणी मानेसर येथेंच झाली व २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. स्मृतीशीं व भाषेशीं संबंध असलेले मेंदूचे कित्येक भाग इतरांच्या मानानें या पंडितांत अधिक भरलेले आढळले. हें वाचून अभिमान वाटणें साहजिक आहे. पण यावरून पाठांतरानें वाचन येतें असें मात्र ठरत नाहीं. उलट घरांत पाठांतर उत्तम असलें म्हणजे एक फसगत होऊं शकते. रामरक्षा घडाघड म्हणणारें मूल पहिलीचें पुस्तकहि दोनदां ऐकून पाठ करतें आणि पानावर बोट फिरवीत वाचल्याचा देखावा करतें. त्यास तें खोटें वाटत नाहीं. वाचणें म्हणजे हेंच, अशी त्याची समजूत असते. पारख सोपी आहे. त्याच पानावरचा मधलाच एक शब्द, वर-खालीं कागद धरून, त्याला विचारावा.

पाठ करण्याहून गोष्टी ऐकणें वाचनास अधिक जवळचें. २०१५ सालीं सिनसिनाटी येथें तीन ते पांच वर्षांच्या १९ मुलांना यंत्रांत नुसत्या गोष्टी ऐकविल्या, चित्रें दाखविलीं नाहींत. ज्या घरांत पुस्तकें वाचून दाखवीत, तेथील मुलांच्या मेंदूंत अर्थाची व मनांतल्या चित्रांची जुळणी करणारा डावीकडचा भाग अधिक जोरानें काम करीत होता. आजीची गोष्ट, दिवा मालविल्यानंतरची, या कामास फार योग्य. हातांतल्या यंत्रावर हलतीं चित्रें दाखविलीं म्हणजे तेंच काम यंत्र करतें आणि मूल बसून राहतें.

मेंदूच्या नांवानें चालणाऱ्या बाजाराकडेहि येथेंच एक दृष्टि टाकली पाहिजे. अमका मुलगा डाव्या मेंदूचा, तमकी मुलगी उजव्या मेंदूची, अशी वांटणी ऐकूं येते; शास्त्रांत तिला आधार नाहीं. त्याहून पुढची मजल म्हणजे मध्यमेंदू जागृत करून डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाकडून पुस्तक वाचविण्याचे वर्ग. सुशिक्षित घरांतून यासाठीं हजारों रुपये मोजले गेले आहेत. पट्टी नाकापाशीं नीट बसवून फट बुजविली कीं ही विद्या संपते. ज्यांनीं वाचनाचें शास्त्र घडविलें त्यांची भाषा याहून पुष्कळ विनीत आहे. कित्येक ठिकाणीं मेंदूच्या चित्रानें नवें कांहीं न सांगतां, वर्गांत कसून पाहिलेल्या रीतींनाच पुष्टि दिली आहे, हेंहि ते मोकळेपणीं कबूल करतात.

पण एका बाबतींत या चित्रांनीं खरोखर न्याय केला आहे. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनीं चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, गणितांत तयार, खेळांत पुढें. पण वर्षानुवर्षें शिकवूनहि त्याला साधे शब्द वाचतां येत नसत, स्वतःचें नांवहि तो चुकीचें लिही. सर्व शिक्षण तोंडी असतें तर हा शाळेंतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असें त्याच्या मास्तरांचें मत होतें. असा मुलगा आपल्याहि घराण्यांत होऊन गेला असेल. 'काकांना अभ्यासाची गोडी नव्हती', 'तो मुळांतच उनाड', असें त्याच्याविषयीं सांगतात, आणि त्यानें किती छड्या खाल्ल्या हें सांगावयाचें राहून जातें. डिस्लेक्सिया हें या अडचणीचें नांव. २००७ सालच्या 'तारे ज़मीन पर' या बोलपटानें तें घरोघर पोहोंचविलें. २०१२ सालीं बॉस्टन येथें अशा घराण्यांतील मुलें वाचूं लागण्यापूर्वींच तपासलीं. शब्दांचे ध्वनि ओळखण्याच्या वेळीं वाचनाशीं निगडित असलेले त्यांच्या मेंदूचे भाग इतर मुलांच्या मानानें कमी काम करीत होते. ज्या मुलानें अजून शाळेचें तोंड पाहिलें नाहीं त्याला अभ्यास चुकविल्याचा दोष कोण देईल? २००१ सालीं इटली, फ्रान्स व इंग्लंड येथील अशा प्रौढांची तुलना झाली. मेंदूंतील उणीव तिघांतहि तीच होती. मात्र इटालियन लेखन उच्चाराबरहुकूम असल्यामुळें तेथील मंडळींचें वाचन कमी चुकत असे. मराठी लेखनहि बरेंचसें उच्चारानुसारी आहे. म्हणून आपल्या मुलांत चुका मोजून भागणार नाहीं. वेग पाहिला पाहिजे. प्रत्येक शब्द फोडून बरोबर वाचणारें, पण ओळीच्या शेवटास येईपर्यंत आरंभ विसरणारें तिसरींतलें मूल या दृष्टीनें तपासून घ्यावें.

पुढें मोठा होईल तसें सुधारेल, म्हणून थांबणें सर्वांत वाईट. पेन्सिल्व्हानियांतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००९ सालच्या अभ्यासांत आठ ते दहा वर्षांच्या, वाचनांत मागें पडलेल्या मुलांना सुमारें १०० तासांचें नेटकें शिक्षण दिलें. त्यांचें वाचन तर सुधारलेंच, पण मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची घडणहि सुधारलेली दिसली. शंभर तास म्हणजे शाळेच्या दिवसांत रोज अर्धा तास धरला तर साधारण एक वर्ष. एवढा वेळ आठवड्यास वांटून देणारीं दोन-तीन माणसें एकत्र कुटुंबांत सहज निघतात; मात्र शिकविणारानें रीत जाणत्या शिक्षकाकडून समजून घ्यावी, आणि दोघांनीं दोन रीतींनीं शिकवूं नये.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झालेला असून परीक्षेंत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलतींचा मार्ग त्यामुळें पक्का झाला आहे. त्यासाठीं प्रमाणपत्र लागतें आणि प्रमाणपत्रापूर्वीं चांचणी. मानेसरच्या केंद्रानें हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी अशा चारहि भाषांत चांचण्या तयार करविल्या आहेत. मूल मराठींत शिकत असेल तर चांचणी मराठींतूनच मागावी. इंग्रजींत शिकून घरीं मराठी बोलत व वाचीत असेल तर दोन्ही भाषांतून मागावी, आणि जातांना त्याच्या पाटीवरचें, वहींतलें मोकळ्या हातानें लिहिलेलें अक्षर बरोबर न्यावें, मग तें कितीहि वांकडें असो.